खड्ड्यातला नळ

आमच्या घरात पाण्याबद्दल दोन मतं होती, कारण ते घर दोन गावांच्या माणसांचं होतं. बाबा माणदेशातले. त्यांच्या लहानपणी अंघोळ परातीत उभं राहून करायची, म्हणजे खालचं पाणी परसातल्या शेवग्याला घालता येई, आणि पाहुण्याने पेल्यात पाणी उरवलं तर त्यांची आई ते म्हशीच्या घमेल्यात ओतायची. नोकरीसाठी बनारसला येऊन बरीच वर्षं झाली तरी बाबा पेला तळापर्यंत रिकामा केल्याशिवाय खाली ठेवत नसत. आई बनारसमधल्याच एका जुन्या मराठी घरातली, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत जन्मली आणि तिथेच वाढली. तिच्या माहेरच्या खिडकीतून गंगा दिसायची. पावसाळ्यात नदी पायऱ्या चढून गल्लीच्या तोंडाशी यायची, उन्हाळ्यात खाली सरकायची, पण जायची कुठे नाही. पाणी संपतं ही गोष्ट आईने ऐकली होती, पण ती तिला कधी खरी वाटली नाही. तिच्या माहेरी कमी होती ती मातीची. ते घर दगडी, उभं, कोंदट. माती म्हणजे तुळशीच्या कुंडीत होती तेवढीच, आणि तिच्यात दुसरं काही लावायला परवानगी नव्हती. लग्न होऊन ती शहराबाहेरच्या कारखान्याच्या वसाहतीत आली, तेव्हा क्वार्टरच्या मागची मोकळी जागा बघून तिने बाबांना विचारलं होतं म्हणे, की ही एवढी माती आपली एकट्यांची का.

मला समजायला लागलं तेव्हा त्या मातीची बाग झालेली होती. भिंतीवर दुधी आणि घोसाळी, मोरीच्या तोंडाशी अळू, बाबांच्या गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला कढीपत्ता, मधोमध लिंबू, आणि दोन्ही बाजूंना मोगऱ्याच्या रांगा. आई मोगऱ्याला बेलाच म्हणायची, इथे सगळे म्हणतात तसं. आमच्याशी ती मराठीत बोलायची, पण झाडांशी हिंदीत, कारण ती झाडं इथली होती. कढीपत्त्याशी मात्र मराठीत. दुपारी लू, तो भाजून काढणारा वारा, सुटली की सगळी दारं लावून आम्ही कूलरसमोर पडायचो. वाळ्याचा ओला वास यायचा, बाहेर पत्र्यावर धूळ आपटायची, आणि लांबून पंपहाऊसचा धडधड आवाज चालू असायचा. तो आवाज म्हणजे आमच्या बाबांचा आवाज, असं मला लहानपणी वाटत असे. वसाहतीचा पाणीपुरवठा त्यांच्याकडे होता. कूपनलिका, उंचावरची टाकी, व्हॉल्व्ह, लाईन, सगळं. लोक त्यांना पानीबाबू म्हणत, आणि ते नाव त्यांना आवडायचं.

मी बारावीची परीक्षा देऊन घरात बसले होते त्या वर्षीची ही गोष्ट. आधीचा पावसाळा कोरडाच गेला होता. चैत्रातच लू सुटली, आणि वसाहतीच्या दोन कूपनलिकांपैकी एक हवा ओढायला लागली. बाबा घरी येऊन सांगायचे की पाईप आणखी खाली सोडून बघितला, पण खाली पाणीच नाही. शेवटी त्यांनी स्वतः मसुदा करून साहेबांची सही घेतलेली सूचना लागली. पाणी फक्त सकाळी तासभर येईल. बागेला पाईप लावायचा नाही, बागेतले नळ उघडायचे नाहीत. सूचना चिकटवायच्या आधी ती त्यांनी आईला वाचून दाखवली. आई तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "आणि बेला?" बाबा म्हणाले की अंघोळीचं घाल, भांड्यांचं घाल, नळाचं नाही. ती बरं म्हणाली.

हल्ली आमच्या सोसायटीच्या मोबाईल ग्रुपवर उन्हाळ्यात असाच संदेश येतो. कुंड्यांना पाईपने पाणी घालू नये, गाड्या धुऊ नयेत. खाली कुणी हात जोडल्याची चित्रं टाकतात, कुणी टॅंकरचा फोन नंबर. मी गच्चीवरच्या चार कुंड्यांना भाज्या धुतलेलं पाणी घालते, आणि शेजारच्या गच्चीवरची हिरवळ ओली दिसली की मी उगीच कठड्याशी जाऊन त्यांचा पाईप कुठे आहे ते बघते. त्या शेजाऱ्यांशी माझं भांडण नाही. ती सवय जुनी आहे.

आईने पहिले काही दिवस सूचना मनापासून पाळली. मी, बाबा, ती, तिघांची अंघोळ मोठ्या परातीत होऊ लागली आणि बाबा या एका गोष्टीने खूश झाले. डाळतांदळाचं धुवण वेगळं, भांड्यांचं खळखळून टाकलेलं वेगळं, राख बसल्यावर वरचं निवळ घोसाळ्याला. तिने जुन्या साड्या फाडून मोगऱ्यावर सावली केली, गोणपाट ओलं करून अळूवर टाकलं. डोक्यावर ओला पंचा घेऊन ती भर उन्हात बागेत जायची आणि पानांना हात लावून परत यायची. तेवढ्यासाठीच. मग आत येऊन पन्हं न पिता बसून राहायची. जेवताना मध्येच उठायची. दुधीचं पान दुपारी लोंबतं आणि संध्याकाळी उठतं हे तिला माहीत होतं, पण संध्याकाळ होईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. लिंबाला त्या वर्षी पहिल्यांदाच बहर आला होता आणि तो गळायला लागला होता. रोज झाडाखाली पांढरा सडा पडायचा, आणि ती तो झाडूने न लोटता हाताने वेचायची.

आमचं क्वार्टर वसाहतीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात होतं. आजूबाजूला भर घालून जमीन उंच केली होती, म्हणून बागेतला जुना नळ गुडघाभर खड्ड्यात गेला होता. पाणी घ्यायचं तर खड्ड्यात उतरावं लागे. रामनवमी होऊन गेली असेल, एका दुपारी आई तो खड्डा पाचोळ्याने भरला म्हणून साफ करायला उतरली आणि सवयीने तिने नळाची चावी फिरवली. सकाळचं पाणी बंद होऊन किती तरी वेळ झाला होता. तरी नळातून बोटाएवढी धार लागली. जोर नाही, आवाज नाही, नुसती खाली उतरणारी धार. तिने मला हाक मारली. मी गेले तर ती ओंजळ धरून बसली होती.

"बघ ग, थंडगार आहे बिल्कुल," ती म्हणाली. "लाईनमधलं उरलेलं असणार. पडून राहिलंय बिचारं."

बाबांना विचारू या, असं मी म्हटलं. ती म्हणाली की ते आधीच हैराण आहेत, त्यांना रात्री सांगू. पण त्या रात्री बाबा आले ते चिखलाने भरलेले आणि न बोलता झोपले. दुसऱ्या दिवशी धार पुन्हा लागली, तिसऱ्या दिवशीही. आईने खड्ड्यात टीप, म्हणजे पत्र्याचं छोटं पिंप, ठेवला. पाणी येण्याच्या तासात तिने तो नळ कधीच उघडला नाही, याबद्दल ती फार काटेकोर होती. नळ बंद झाले, बाबा पंपहाऊसकडे गेले, शेजारच्यांच्या बादल्या आत गेल्या, की ती खड्ड्यात उतरायची. जे कुणाच्याच कामाचं नाही ते आपण घेतो आहोत, अशी तिची समजूत होती. मग ते बाबांना का सांगत नव्हती, हे मी तिला विचारलं नाही. ती स्वतःला तरी विचारत होती की नाही, कुणास ठाऊक. पण त्या दिवसांत सायकलची घंटी वाजली की ती दचकायची.

बाग सावरली. दुधी धरला, मोगरा इतका फुलला की मामांकडे घाटावर मी फुलं घेऊन जायचे. आणि त्याच दिवसांत बाबांना एक नवीन काळजी लागली होती. टाकीच्या पलीकडे चढावर मजुरांची क्वार्टर्स होती, त्या ओळीला सगळे वरची लाईन म्हणत. तिथे पाणी पोचेना. तास संपत आला की नळ सूं सूं करायचे, हवा यायची, थोडं गढूळ पाणी यायचं आणि बंद. बाबांचा हिशेब सांगत होता की टाकीतून निघालेलं पाणी वरपर्यंत पोचायलाच हवं. म्हणजे मध्ये कुठेतरी गळती होती. ती शोधण्यासाठी त्यांच्याबरोबर रामआसरे असायचा. हा त्यांचा फिटर, रोजंदारीवरचा, सडसडीत, पन्नाशीकडे झुकलेला. लोखंडी सळई जमिनीत रोवून तिचं वरचं टोक तो कानाला लावायचा आणि डोळे मिटून जमिनीखालचं पाणी ऐकायचा. एरवी त्याला गळती ऐकू यायची. या खेपेला येईना. ते दोघे लू अंगावर घेत रस्ते खणत होते, सांधे उघडून पुन्हा बसवत होते, आणि खणलेलं सगळं कोरडं निघत होतं. बाबांना झोप लागेना. जेवताना ते भिंतीकडे बघत बसायचे आणि मनात लाईनवरून चालत जायचे. आई त्यांच्या पानात वरण वाढायची आणि काही विचारायची नाही.

वरच्या लाईनीतल्या बायका मग रस्ता ओलांडून पलीकडच्या गावातल्या हातपंपावर जाऊ लागल्या. तिथून हंडा आणताना फुलमती नावाच्या बाईची सासू घसरून पडली आणि तिचा हात मोडला. त्यानंतर दोनच दिवसांनी भर दुपारी फुलमती आणखी काही बायकांना घेऊन आमच्या मागच्या दारी आली. बाबा जेवायला घरी होते. बायका बागेच्या फाटकाशी थबकल्या. सगळ्या वसाहतीत साहेब लोकांची लॉनंसुद्धा तपकिरी झाली होती, आणि आमच्या भिंतीवर दुधी लोंबत होते.

फुलमती आरडाओरडा न करता म्हणाली, "हमहन के नल में एक बूँद नाहीं हौ बाबू, अउर इहाँ लौकी लटकत हौ."

बाबा हात न धुताच बाहेर आले होते. त्यांनी सांगितलं की माझ्या घरी तुमच्यापेक्षा एक थेंब जास्त येत नाही, ही बाग अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर आहे. कुणाचा विश्वास बसला नाही. तेव्हा ते म्हणाले की उद्या सकाळी पाण्याच्या वेळेला या, आणि तास संपेपर्यंत माझ्या नळाशी उभ्या राहा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता, आणि उन्हाने लावतात तसा तो दिसत होता.

त्या खरंच आल्या. तासभर आमच्या अंगणात उभ्या राहिल्या. खड्ड्यातला नळ बंद होता, घरातला नळ करंगळीएवढा वाहत होता, दोन बादल्या आणि एक हंडा भरला आणि पाणी गेलं. फुलमतीने नजर खाली वळवली. जाताना तिने बाबांना हात जोडले, आणि बाबांनी तिला सांगितलं की माझा राग नाही, गळती सापडेपर्यंत मी थांबणार नाही. त्या गेल्यावर आई बराच वेळ ओट्याशी भांडी इकडची तिकडे करत राहिली. मला वाटलं आज ती खड्ड्यात उतरणार नाही. पण लिंबाची पानं वळली होती. ती उतरली.

त्या संध्याकाळी बाबा लवकर आले. जेवायला बसल्यावर त्यांनी सांगितलं की साहेबांचा धीर संपला. गळती सापडत नाही म्हणजे रामआसरेने बसवलेले सांधेच कच्चे आहेत, असं साहेबांनी ठरवलं होतं. शेवटचा सांधा तो उद्या बसवेल, मग त्याला कामावरून कमी करायचं. बाबांना ते पटत नव्हतं, पण उलट सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं. मी विचारलं की गळती सळईला ऐकू का येत नाही. तेव्हा त्यांनी पेल्यातलं थोडं पाणी जमिनीवर सांडलं आणि बोटाने रेघ ओढून मला समजावलं. असं पाणी सांडताना मी त्यांना तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"ही लाईन," ते म्हणाले. "आपण व्हॉल्व्ह बंद केला तरी आतलं पाणी आत राहतं. भरलेली लाईन. सकाळी व्हॉल्व्ह उघडला की वरच्या टोकाला लगेच पाणी. पण ही रोज सकाळी रिकामी मिळती. अर्धा तास नुसती भरण्यातच जातो, मग वर काय पोचणार? कुठंतरी ही दिवसभर गुपचूप निथळती. आवाज होईल एवढा जोर नाही तिच्यात. खालच्या अंगाला कुठंतरी."

आई पोळ्या करत होती. तिचा हात थांबला. तव्यावरची पोळी फुगली, खाली बसली, तिच्यातून धूर निघायला लागला, तरी तिने ती उलटली नाही. मी उठून तवा उतरवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक, तिने मान खाली घातली. बाबांच्या लक्षात काहीच आलं नाही. ते जमिनीवरच्या रेघेकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी आई बागेत गेली नाही. टीप पालथा घालून ठेवला. माझ्याशी ती फक्त कामापुरतं बोलली. मला वाटलं, तिने नळ बंद केला, आता वर पाणी पोचेल, रामआसरे सुटेल, आणि ही गोष्ट आमच्या दोघींच्यातच मुरून जाईल. तसं व्हावं म्हणून मी देवाला सांगितलंसुद्धा. त्याच्या पुढच्या सकाळी वरच्या लाईनीत पाणी आलं, चांगलं जोरात. बाबा दुपारी घरी आले ते हसतच. आईने पन्ह्याचा पेला पुढे केला. तो एका दमात पिऊन त्यांनी सांगितलं की सगळ्यांचे हंडे भरले, पोरं नळाखाली नाचली. मग त्यांचा चेहरा उतरला. कारण पाणी आलं ते रामआसरेने शेवटचा सांधा बसवल्यानंतर. साहेब म्हणाले की बघा, दोष सांध्यातच होता, याचं काम कच्चं होतं हे आता सिद्धच झालं. उद्यापासून तो येणार नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रामआसरेने ते मान्य केलं होतं. माझ्या कानात आता काही राहिलं नाही, असं तो साहेबांना म्हणाला होता.

आई बाबांच्या समोर खाली बसली. ती त्यांच्याशी बोलताना अशी समोर कधी बसत नसे.

"अहो," ती म्हणाली, "ती गळती रामआसरेची नाही. माझी आहे."

बाबांना कळलं नाही. तिने सांगितलं, कधीपासून, कसं, कोणत्या वेळी. उरलेलं पाणी असतं असं वाटलं, एवढं एकच वाक्य तिने आपल्या बाजूने म्हटलं आणि तेही अर्धंच. बाबा उठले. मी खिडकीतून बघत होते. लू चालली होती, डोक्यावर काही न घेता ते बागेत गेले, खड्ड्यात उतरले आणि नळ उघडला. धार लागली. ते तिच्याकडे बघत खड्ड्यात उकिडवे बसले. नंतर त्यांनी नळ घट्ट बंद केला, आणि बंद झाल्यावरही चावीवरचा हात काढला नाही. मला भीती वाटली की त्यांना काही होईल. पण ते वर आले, शर्ट बदलला आणि सायकल काढून साहेबांकडे गेले. आईला एक शब्द बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी मामा आले होते. त्यांना सगळं कळल्यावर त्यांनी आईला समजावलं की भावोजींनी साहेबांना सांगितलं, रामआसरेचं काम वाचलं, आता पुरे. वसाहतीत आपल्या तोंडाने बोभाटा कशाला? आईने ऐकून घेतलं. सकाळी पाण्याच्या वेळेच्या थोडं आधी तिने चपला घातल्या आणि मला म्हणाली की चल माझ्याबरोबर, एकटीने मला जमायचं नाही. आम्ही दोघी चढ चढून वरच्या लाईनीत गेलो. नळाशी बादल्यांची रांग होती. पाणी सुटलं होतं, बायका भरत होत्या, आणि बादलीत पडणाऱ्या पाण्याचा तो भरदार आवाज चालू होता. फुलमतीची सासू हात गळ्यात बांधून दगडावर बसली होती. आई तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. घाटावरच्या गल्लीतली तिची बोली खरं तर या बायकांच्या बोलीजवळची होती, पण त्या दिवशी ती अडखळत, शाळेतल्यासारख्या हिंदीत बोलली. तुमचं पाणी माझ्या बागेत जात होतं, माझ्या नळातून. पानीबाबूंना ठाऊक नव्हतं. रामआसरेचा दोष नाही.

फुलमतीने एकदा माझ्या आईकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. म्हातारीने विचारलं, "कब से?"

"रामनवमी के बाद से."

म्हातारीने मोडलेला हात दुसऱ्या हाताने थोडा वर उचलून धरला. मग तिने नळाकडे पाहिलं.

"अब त आवत हौ," ती म्हणाली. "जा, हटा. भरै दा."

आम्ही रांगेतून बाजूला झालो आणि उतार उतरून घरी आलो. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आई नंतर कितीदा तरी म्हणाली. फुलमती आईशी पुढे पुष्कळ दिवस बोलली नाही. रामआसरे मात्र कामावर परत आला त्याच दिवशी आमच्या व्हरांड्यात येऊन बसला. आईने चहा दिला, तो त्याने घेतला. तिने माफी मागायला तोंड उघडलं तर तो तिच्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "त साहब, हमार कान ठीक हौ." एवढंच त्याला हवं होतं.

बाबांकडून पाणी काढून घेतलं. त्यांना इमारतींच्या दुरुस्तीवर टाकलं, दारं, खिडक्या, चुना. पंपहाऊसचा आवाज आता त्यांचा राहिला नाही. बढती मिळून वरची जागा मिळायची होती ती त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. लोक त्यांना पानीबाबू म्हणायचे थांबले नाहीत, पण ते म्हणताना काही जण हसायचे, आणि ते हसणं सायकलवरून जाताना त्यांना ऐकू यायचं. घरी ते जेवायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे, आईला वाईटसाईट काही बोलायचे नाहीत. ते न बोलणं घरभर साचून राहिलं. मी नुसतंच एखादं पुस्तक उघडून त्यांच्या पावलांचे आवाज ऐकत बसायचे, ते कोणत्या खोलीत गेले, आई कोणत्या खोलीत आहे. आईने बाग सोडून दिली. भांड्यांचं पाणीसुद्धा ती मोरीत जाऊ देऊ लागली. दुधीचा वेल तिने स्वतः उपटला. अळू गेलं, मोगऱ्याच्या रांगा काटक्यांसारख्या झाल्या. कढीपत्ता आणि लिंबू जगवू या म्हणून मी तिला विनवलं, तर ती म्हणाली की मला आता तिकडे बघवत नाही ग.

ऊन तसंच होतं. एका संध्याकाळी बाबा कामावरून आले तेव्हा त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला दोन मडकी बांधलेली होती, बिनरंगाची, कुंभाराच्या भट्टीतून नुकतीच निघालेली. त्यांनी कपडे बदलले नाहीत. कुदळ घेतली आणि ते लिंबाशी जाऊन खणायला लागले. जमीन दगडासारखी झाली होती, कुदळ टणटण वाजत होती. तो आवाज ऐकून आई मागच्या दारात आली आणि उंबऱ्यावर थांबली. बाबांनी खड्डा कोपरभर खोल केला, त्यात मडकं बसवून बघितलं, पुन्हा काढलं, आणखी खणलं. मग मान न वळवता म्हणाले, "जरा धर हे."

आई गेली. त्यांनी सांगितलं की गळ्यापर्यंत पुरायचं, आत तांदळाचं धुवण भरायचं आणि वर मातीचा परळ झाकायचा. भाजलेल्या मातीतून पाणी मुळांना लागेल तसं पाझरतं. त्यांच्या आईने शेवगा असाच जगवला होता. आई मडक्याचा काठ दोन्ही हातांनी धरून बसली. बाबा भोवती हाताने माती लोटत होते.

"तुम्ही मला काही बोलला नाहीत," ती म्हणाली.

बाबांचे हात थांबले. त्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, आणि कपाळाला माती लागली.

"मी तरी कुठं विचारलं," ते म्हणाले. "रस्ते खणत हिंडलो. घरची बाग हिरवीगार होती, साऱ्या कॉलनीला दिसली. मला दिसत नव्हती असं थोडंच आहे." त्यांनी मातीची आणखी एक ओंजळ मडक्याशी लोटली. "धर सरळ. कलतंय."

आईने मडकं सरळ धरलं.